दस्तगीरभाईंच्या माडीवर

"अगं बाई! भावजी, तुम्ही हितं?"

दस्तगीरभाईंच्या दुकानाचा जिना इतका अरुंद होता, की त्यावर कोणालाही चुकवून जाणं शक्य नव्हतं. मी चौथ्या-पाचव्या पायरीवर होतो आणि चौगुलेवहिनी माझ्या मागून वर येत होत्या.

"तानपुरा बघायला आलोय," मी म्हणालो.

"तुम्ही गाता?"

"शिकावं म्हणतोय."

वहिनींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी गाऊ शकेन असा एकही अवयव त्यांना सापडला नसावा.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी बी तानपुराच बघायला आले."

चौगुलेवहिनींची आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर ती त्यांनी एकटीने चालवली, वाढवली. गिरणीच्या घरघराटावर आवाज चढवून बोलायची सवय झाल्यामुळे त्या देवाच्या पाया पडल्या तरी चार घरांना ऐकू जाई. अशा बाईला तानपुरा कशाला हवा, हे विचारायची माझी सोय नव्हती, कारण मग त्यांनी मला तेच विचारलं असतं.

"कुमुदला सांगू नका," मी हळूच म्हणालो.

"न्हाई सांगत. तुम्ही बी माझं कुणाला सांगू नका."

एवढा करार करून आम्ही दोघं वर गेलो.

ही गोष्ट मिरजेतली, तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची. दस्तगीर शिकलगार खाली सतारी आणि तानपुरे बनवत. माडीवर तुळयांना भोपळे वाळत टांगलेले असत, आणि त्या भोपळ्यांखाली महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी भिशीचा लिलाव होई. दस्तगीरभाई धरून वीस जणांची भिशी. दरमहा प्रत्येकी पाचशे, म्हणजे दहा हजार जमत. ते कोणी उचलायचे हे लिलावाने ठरे. ज्याला गरज असेल त्याने दहा हजारांतले आपण किती सोडायला तयार आहोत ते बोलायचं. जो जास्त सोडेल त्याला उरलेली रक्कम मिळे, आणि त्याने सोडलेले पैसे विसांत सारखे वाटले जात. ते प्रत्येकाच्या पुढच्या हप्त्यातून वजा होत. बाकीच्यांनी फक्त भडंग खात बसायचं. गरजू माणूस जितका अडचणीत, तितकं भडंग जास्त चविष्ट लागे.

हे शेवटचं वाक्य माझंच आहे. मी वीज मंडळात नोकरीला होतो आणि गावातल्या एका दैनिकात दर आठवड्याला विनोदी सदर लिहीत असे. त्यात मी लिलाव-भिशीची यथेच्छ टिंगल केली होती. लेख गाजला. कुमुदने, म्हणजे माझ्या बायकोने, तो शेजारणींना बोलावून वाचून दाखवला. "आमच्या घरात भिशी चालत नाही हो," असंही ती त्यांना म्हणाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी मी दस्तगीरभाईंच्या भिशीत नाव घातलं. माझं नाव कोणाला कळता कामा नये, विशेषतः माझ्या घरी, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला होता. हप्ता गुपचूप दुकानात देऊन यायचो. माडीवर मात्र त्या रविवारी पहिल्यांदाच चढत होतो.

कारण सोमवार तोंडावर आला होता.

आमच्या कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेत मला एक जागा मिळाली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक गॅलरी. तिच्यात उभं राहिलं तर किल्ल्याचा बुरूज दिसतो असं सचिव म्हणत. शेवटचा हप्ता नऊ हजारांचा. तो सोमवारी संध्याकाळपर्यंत भरला नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाकडे जाणार होती. प्रतीक्षायादीतला पहिला माणूस हा सचिवांचा मेहुणा होता, त्यामुळे संस्थेत मुदतीच्या बाबतीत कमालीची शिस्त होती. आम्ही राहत होतो ती भाड्याची जागा मालकाला मुलाच्या लग्नाआधी रिकामी हवी होती. त्याने तसं तीनदा सांगितलं होतं, आणि तिसऱ्यांदा सांगताना तो चहा घ्यायला थांबला नव्हता.

"हप्त्याचं काय करायचं?" कुमुदने विचारलं होतं.

"मी बघतो," मी म्हणालो होतो.

"तुमच्याकडे काही आहेत का?"

"नाहीत. पण बघतो. तुझ्याकडे?"

"माझ्याकडे कुठले असणार?" ती म्हणाली होती. "पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. होईल सोय."

माझ्याकडे काही नव्हतं हे तितकंसं खरं नव्हतं. सदराचं मानधन मी पोस्टात टाकत आलो होतो. साडेचार हजार झाले होते. पण संपादक पैसे देत नाहीत, अशी माझी घरात चार वर्षांची तक्रार होती. शिवाय अर्धे पैसे दाखवून नवरा मोठा होत नाही. सगळे एकदम टेबलावर ठेवले तरच होतो. तेव्हा साडेचार पोस्टातले आणि साडेचार भिशीचे, असा माझा हिशेब होता. दहा हजारांतून मला साडेचार हातात मिळाले तरी पुरे. म्हणजे अगदी जिवावर आलं तरी साडेपाच हजार सोडायची माझी तयारी होती. एरवी त्या माडीवर हजार-बाराशेच्या वर कोणी जात नसे. मी निर्धास्त होतो.

दस्तगीरभाई कानशीने तानपुऱ्याच्या तारांखालची घोडी घासत बसले होते. मी आणि चौगुलेवहिनी एकामागोमाग दारात दिसलो, तशी त्यांची कानस थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही दोघं?" ते म्हणाले. "एकदम?"

"जिन्यात गाठ पडली," मी म्हणालो.

"या अल्ला," ते पुटपुटले आणि घोडी बाजूला ठेवून दिली.

दहा-बारा मंडळी जमली होती. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले तेरदाळे भडंगाच्या परातीला लागून बसले होते.

"या हसबनीस! लेखासाठी माहिती गोळा करताय होय?"

"तसंच," मी म्हणालो.

"लिहा लिहा. पण माझं नाव घाला. मागच्या वेळी घातलं नव्हतं."

दस्तगीरभाईंनी घसा साफ केला. "कुणाला घ्यायची आहे का आज? नसेल तर चिठ्ठी टाकू. चिठ्ठीच टाकू या ना. सोप्पं पडतं."

"चिठ्ठी कशाला? लिलाव करा की," तेरदाळे म्हणाले.

"पाचशे," मी म्हणालो.

तेरदाळ्यांची मूठ परात आणि तोंड यांच्या मध्ये थांबली. "अरे, तुम्ही भिशीत आहात?"

"हजार," चौगुलेवहिनी म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, आणि ती नजर काही तानपुरा बघायला आलेल्या बाईची नव्हती.

आता मला उलगडा झाला. गिरणीच्या शेजारचा गाळा वहिनींनी नुकताच घेतला होता आणि तिथे मिरची-कांडप यंत्र बसवणार अशी गल्लीत बोलवा होती. म्हणजे हिला मिरची कुटायची होती आणि मला डोक्यावर छप्पर हवं होतं.

"अकराशे," मी म्हणालो.

"पंधराशे."

"सोळाशे."

"दोन हजार."

मी शंभराने वर चढत होतो आणि वहिनी पाचशेने. तेरदाळे मांडी बदलून बसले. बाकीचेही सरसावले. कोणीतरी परात मध्ये ओढली. दर बोलीला एक समाधानाचा हुंकार उमटत होता. मी ज्यांची टिंगल केली होती ती सगळी माणसं माझ्या लेखाबरहुकूम वागत होती, आणि लेखात एक गोष्ट घालायची राहून गेली होती. ती म्हणजे बोली बोलणाऱ्याला ते भडंग कसं लागतं.

"अडीच हजार," चिडून मीही पाचशेची उडी मारली.

"थांबा!" दस्तगीरभाई उभेच राहिले. "चहा येऊ दे. चहा झाल्याबिगर पुढं न्हाई."

"चहा मागून," तेरदाळे ओरडले. "ऐन रंगात आलंय!"

"माडी माझी आहे," दस्तगीरभाई म्हणाले, आणि मला दंडाला धरून त्यांनी मागच्या बाजूला नेलं. तिथे भोपळे इतके खाली लोंबत होते, की बोलताना दोघांच्या मध्ये एक भोपळा येत होता.

"साहेब, एक ऐका. आजची सोडा. पुढच्या महिन्यात घ्या."

"पुढच्या महिन्यात घेऊन काय करू? मला उद्या भरायचेत."

"मग असं करा, घरला जाऊन या. मी अर्धा तास खेचतो."

"घरी कशाला?"

"वहिनीसाहेबांशी बोलून या."

"दस्तगीरभाई, कुमुदला यातलं काही माहीत नाही. तुम्ही मला शब्द दिलाय."

"दिलाय की," ते कळवळून म्हणाले. "तोच तर घशात अडकलाय. तुम्हालाच एकट्याला दिला असता तर गिळून टाकला असता."

"म्हणजे?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि समोरच्या भोपळ्यावर दोनदा टिचकी मारली. "म्हणजे काही न्हाई. देवाला आठवा आणि शंभर-शंभरनंच जावा."

माझा संशय पक्का झाला. यांना वहिनींना भिशी द्यायची होती. मिरची फुकट कांडून मिळणार असेल. इतक्या सरळ माणसाची किंमत वर्षाची चटणी निघाली, याचं मला वाईट वाटलं.

मी जागेवर येऊन बसलो, तर ते वहिनींकडे गेले आणि त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. वहिनींना कुजबुजता येत नसल्यामुळे त्यांचं उत्तर आम्हा सर्वांना मिळालं.

"अजाबात न्हाई! मी सांगते तुम्हाला भाई, आज ह्या माणसाच्या हातात पैसा पडू द्यायचा न्हाई!"

सगळी माडी माझ्याकडे बघायला लागली. मी दळणाचे पैसे कधी थकवले होते का, ते आठवू लागलो. थकवले नव्हते. एकदा ज्वारी जाड दळली म्हणून बोललो होतो. पण त्याचा इतका सूड?

चहा आला.  तेरदाळे माझ्याकडे सरकले आणि प्रेमाने म्हणाले, "सोडू नका हसबनीस. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

ते माझ्या पाठीशी होते यात शंका नव्हती. मी जितका खड्ड्यात जाईन तितका त्यांचा पुढचा हप्ता कमी होणार होता.

"तीन हजार," वहिनींनी सुरुवात केली.

"एकतीसशे."

"साडेतीन."

"छत्तीसशे."

"चार हजार."

आता हुंकार थांबले होते. या माडीवर चार हजार कोणी ऐकले नव्हते. परातीत कोणाचा हात जात नव्हता. खाली रस्त्यावर बोहारीण ओरडत गेली ती ऐकू आली. मी कॉलरमधून बोट फिरवलं. गॅलरी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्यात सचिवांचा मेहुणा उभा होता आणि बुरूज बघत होता.

"एक्केचाळीसशे."

"साडेचार."

"सेहेचाळीसशे."

"पाच," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरही घाम होता. पदराने तो पुसताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्या माझ्यापासून कोणाला तरी वाचवत होत्या.

दस्तगीरभाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. "साहेब," ते डोळे न उघडता म्हणाले, "पाच हजार म्हंजे अर्धे. अर्धे गेले, घरातले."

"माझ्या घरातले जातायत, मी बघून घेईन," मी फणकारलो. "साडेपाच हजार!"

बस. माझी हद्द आली होती. साडेपाच सोडले, साडेचार उरले, साडेचार पोस्टात. नऊ. तंतोतंत. आता या बाईने गप्प बसावं, एवढीच माझी त्या भोपळ्यांकडे प्रार्थना होती.

वहिनी खरंच गप्प बसल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. खिडकीतून आमच्या गल्लीच्या दिशेने पाहिलं. दस्तगीरभाईंनी डोळे उघडले आणि जमेल तितक्या घाईने म्हणाले, "साडेपाच हजार एक वार, साडेपाच हजार दोन वार..."

"सहा!" वहिनी गरजल्या.

तेरदाळ्यांनी दोन्ही हात वर केले. "तीनशे! माणशी तीनशे! पुढचा हप्ता दोनशेच!"

"सहा हजार एक वार," दस्तगीरभाईंचा आवाज बसला होता.

एकसष्टशे म्हटले तर भिशी माझी होती. वहिनींचा चेहरा सांगत होता, की त्यांच्याकडे आता बोलायला काही उरलेलं नाही. पण मग हातात येणार एकोणचाळीसशे. सहाशे कमी पडणार. सहाशे उद्या संध्याकाळपर्यंत कोण देईल? घड्याळ विकलं तर? साहेबांकडे मागितले तर? आणि नाहीच मिळाले, तर जागा गेलीच, वर एकसष्टशे गेले.

"सहा हजार दोन वार."

"बोला हसबनीस! अहो बोला की!" तेरदाळ्यांनी माझा गुडघा हलवला.

मी तोंड उघडलं. जन्मभर मी शब्दांशी खेळत आलो आहे. तयार वाक्य जिभेवर असताना ते परत गिळल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. मी तोंड मिटलं.

"तीन वार," दस्तगीरभाई म्हणाले आणि ओंजळीत तोंड लपवून बसले.

लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मी कधी उठलो, जिना कसा उतरलो, आठवत नाही. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी सरळ घरी न जाता तळ्याला एक वळसा घालून गेलो, आणि तरीही जुळवाजुळव झाली नाही.

कुमुद दारातच बसली होती. मांडीवर कोणाची तरी साडी होती आणि तिला ती फॉल लावत होती. पण नजर साडीवर नसून गल्लीच्या तोंडाकडे होती.

"कुमुद, जागा गेली," मी उंबऱ्यातच सांगून टाकलं.

तिची सुई थांबली. चेहरा पांढरा पडला. "कितीवर गेलं?" ती म्हणाली.

"काय कितीवर गेलं?"

"काही नाही." तिने ओठ आवळले. मग राहवलं नाही म्हणून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं? चौगुलेवहिनी भेटल्या का?"

"त्यांचं नाव काढू नकोस. त्यांनीच तर घेतली."

"घेतली?" कुमुद उभी राहिली. साडी खाली पडली. "घेतली ना त्यांनी? नक्की?"

"घेतली. आणि तुला कसला आनंद होतोय?"

 ती खांबाला धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. माझी बायको हप्त्याच्या काळजीने खचली आहे आणि याला मी जबाबदार आहे, असं मी समजत होतो, तेवढ्यात वहिनी गल्लीतून येताना ऐकू आल्या.

"कुमुद! घे बाई, आणले एकदाचे!" त्यांनी पिठाचा डबा उंबऱ्यात आपटला. झाकण उडालं. आत पिठाने माखलेल्या नोटा होत्या. "चार हजार. सहा सोडावे लागले. तू सांगितलेलीस तितक्या पातूर गेले. लोकाचं सोड, ह्या तुझ्या मालकांनीच..."

मग त्यांना मी दिसलो.

"तानपुरा पसंत न्हाई पडला व्हय, भावजी?"

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. मी कुमुदकडे पाहिलं. डब्यातल्या नोटांकडे आम्ही दोघांनी मिळून पाहिलं.

"वहिनींच्या नावावरची भिशी तुझी आहे?" मी विचारलं.

"तुम्ही भिशीत आहात?" तिने विचारलं.

"मी आधी विचारलं."

"माझी आहे. तुमचा तो लेख छापून आल्यावर स्वतःच्या नावावर कशी घालू? मीच सगळ्यांना वाचून दाखवला होता. म्हणून वहिनींना पुढे केलं. घराच्या हप्त्याला होतील म्हणून."

"आणि हे," वहिनींनी माझ्याकडे बोट केलं, "हे पुस्तक छापायला निघालेत! साऱ्या छापखान्यात दर ईचारत फिरत व्हते, मला गिऱ्हाईकांनी सांगितलं. घर जायची येळ आली आणि ह्यांना पुस्तक सुचतंय, म्हणून मी हटले न्हाई."

"दर नुसतेच विचारले होते," मी म्हणालो. "आज बोलत होतो तो घराचाच हप्ता होता."

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणं पहिल्यांदाच शेजारच्या घरी ऐकू गेलं नाही.

"म्हणजे दस्तगीरभाईंना..." मी म्हणालो.

"माहीत होतं," कुमुद म्हणाली. "पैसे माझे आहेत, हे त्यांना मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. कोणाला बोलायचं नाही म्हणून शब्द घेतला होता."

मग ती आत गेली. शिलाई मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने नोटांचं एक पुडकं डब्याशेजारी ठेवलं. "पाच आहेत. शिलाईचे. ही चार. झाले नऊ."

"शिलाईतून भाजी भागते म्हणायचीस."

"भागायची. ही त्यावरची." ती खाली बसली. "तुम्ही लिलावात कशाच्या जोरावर बोलत होता?"

मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण समोर चौगुलेवहिनी होत्या आणि मी त्यांना तानपुऱ्याचं एक ताजंच सांगितलेलं होतं.

"पोस्टात साडेचार आहेत," मी म्हणालो.

"शे?"

"हजार. सदराचे."

"संपादक देत नाहीत ना?"

"देतात. वेळेवर देतात."

 कुमुद मशीनच्या खणातून आलेल्या पुडक्याकडे बघत होती. बेरीज वहिनींनी केली. आयुष्यभर पायली-शेर तोंडी मोजणारी बाई, तिला वेळ लागला नाही.

"हिचे पाच आणि तुमचे साडेचार," त्या सावकाश म्हणाल्या. "साडेनऊ. आणि हप्ता केवढ्याचा?"

"नऊचा," मी म्हणालो.

"म्हंजे आज माडीवर कुणीच जायचं न्हवतं."

 कुमुदने पडलेली साडी उचलली, झटकली, घडी घातली. "भिशी शाबूत राहिली असती, वर पाचशे उरले असते," ती म्हणाली. "पडद्यांचं कापड आलं असतं."

दुसऱ्या दिवशी हप्ता भरून मी पावती घेतली आणि तसाच दस्तगीरभाईंकडे गेलो. ते माझी वाटच बघत असावेत. त्यांनी तीनशे रुपये मोजून माझ्यापुढे ठेवले.

"हे काय?"

"माझा वाटा. मला पचायचा न्हाई."

"भाई, एक शब्द बोलला असतात तर?"

"बोललो असतो तर तुमचे सहा हजार वाचले असते, साहेब. आणि उद्यापासून एकाही घरानं मला पै दिली नसती." त्यांनी घोडी उचलली आणि पुन्हा घासायला घेतली. "अर्धा तास देत व्हतो की तुम्हाला. घर काय लांब न्हवतं."

कुमुदने ते तीनशे परत पाठवले. त्यांनी पुन्हा आणून दिले. असे ते तीनशे दोनदा हिंडले, आणि शेवटी आमच्याकडे राहिले. तेव्हापासून पहिल्या तारखेला आमच्याकडे एक ताट मांडलं जातं. माझा पगार, पुढे पेन्शन, सदराचं मानधन, तिची शिलाई, सगळं त्यात पडतं. ते दोघांच्या डोळ्यांदेखत मोजून होईपर्यंत चहा मिळत नाही. सुरुवातीला मला हे अपमानकारक वाटे. पुढे सवय झाली.

जागेचा ताबा दिवाळीनंतर मिळाला. बुरूज दिसतो, पण गॅलरीतून बरंच बाहेर वाकावं लागतं. वास्तुशांतीला कुमुदने माडीवरच्या झाडून सगळ्यांना बोलावलं. पूजा झाली, तीर्थप्रसाद झाला, प्रत्येकाला अर्धा कप चहा आणि एक पेढा मिळाला. दस्तगीरभाई आणि चौगुलेवहिनी स्वयंपाकघरात जेवत होते. पुरणाचा वास बाहेर येत होता. तेरदाळे बराच वेळ धीर धरून बसले. मग त्यांनी रिकामा कप खाली ठेवला.

"वहिनी, आमची पानं केव्हा मांडताय?"

"तुमचं जेवण झालंय की, भावजी," कुमुद हसतमुखाने म्हणाली. "दस्तगीरभाईंच्या माडीवर. तीनशे रुपये पान होतं. आणखी वाढायचं आमच्याच्याने होणार नाही. पण चहा देऊ का अजून?"

तेरदाळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं.

"अर्धा कप द्या," ते म्हणाले.